हृदय ‘बिगी’ होतं तेव्हा

उणकलच्या तळ्याकाठच्या बागेत सकाळी फिरायला येणारी मंडळी एकमेकांना नावाने ओळखत नसली तरी फेऱ्यांवरून नक्की ओळखतात. ‘ते चार फेऱ्यांवाले’ म्हणजे आमचे अप्पा, माझे सासरे. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून त्यांचा हा नेम. पुढे चाराच्या तीन झाल्या, तिनाच्या दोन झाल्या. मग एक दिवस ते पहिल्याच बाकावर बसून राहिले आणि ओळखीच्या मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून घरी आले. “वय झालं आता,” एवढंच म्हणाले. सासूबाईंचं लक्ष मात्र त्यांच्या पायांकडे गेलं. चपलेच्या पट्ट्याचा वळ पावलावर उठला होता, आणि घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडून तसाच राहत होता.

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. तेव्हा एका दवाखान्यात ईसीजी आणि एको झाला. रिपोर्टच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के. म्हणजे हृदयाचं पंपिंग अगदी व्यवस्थित. त्याच्या वरच्या ओळींत ‘भिंतीची जाडी १४ मि.मी.’ असंही होतं, पण ते कोण वाचतो? वीस वर्षांचं ब्लडप्रेशर, त्यामुळे भिंत थोडी जाड झाली असेल, असं सांगण्यात आलं. तसं होतंही पुष्कळांचं. पाय उतरायला गोळी मिळाली आणि आम्ही परत येताना पेढे घेऊन आलो. साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास की!

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. टक्केवारी दिसली की ती कशाची, हे आधी विचारायचं, असं पहिल्या वर्षाच्या मुलांना मी दर जूनमध्ये बजावते. त्या दिवशी मी स्वतः ते विचारलं नाही.

त्यानंतर जे दीड वर्ष गेलं त्यात पाय उतरायचे, पुन्हा चढायचे. एक गोष्ट मात्र आम्हांला फार आनंदाची वाटली. अप्पांचं ब्लडप्रेशर आपोआप खाली आलं. दोन गोळ्यांची एक झाली, मग तीही बंद झाली. सासूबाईंनी त्याचं श्रेय मीठ कमी केल्याला दिलं. उठून उभं राहताना त्यांना अंधारी यायची, ती उन्हामुळे असेल असं आम्ही धरून चाललो.

मग दुसऱ्या एका डॉक्टरांकडे जाणं झालं. तरुण बाई होत्या. त्यांनी ईसीजीची पट्टी आणि एकोचा कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. नंतर अप्पांना विचारलं, “अज्जा, हातांना मुंग्या येतात का?” आम्ही चकित झालो. हृदयाच्या डॉक्टरांना हातांशी काय करायचं? अप्पांनी दोन्ही मनगटं पुढे केली. आठ वर्षांपूर्वी दोन्हींवर ऑपरेशन झालं होतं, मनगटातली शीर दबते त्याचं. वर्कशॉपमध्ये आयुष्यभर हातोडा चालवल्याचा तो परिणाम, अशी घरची समजूत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, “दोन्ही हातांना झालं होतं, हे महत्त्वाचं.”

त्यांना खटकलं होतं ते असं. हृदयाचा स्नायू ब्लडप्रेशरमुळे जाड झाला तर ईसीजीच्या रेघा उंच उठतात, कारण स्नायू जास्त म्हणजे वीज जास्त. अप्पांच्या एकोत भिंत जाड होती, आता १७ मि.मी. भरली होती (साधारण अकरा-बारापर्यंत ठीक समजतात), आणि ईसीजीच्या रेघा मात्र बुटक्या. म्हणजे भिंतीची जाडी स्नायूची नव्हती. दुसरंच काहीतरी भिंतीत भरलं होतं.

त्या ‘दुसऱ्या’चं नाव अमायलॉइड. आजाराचं नाव अमायलॉइडोसिस. हे ऐकून माझे यजमान म्हणाले, “मुशर्रफना झाला होता तोच का?” तोच. पाकिस्तानचे माजी राष्ट्राध्यक्ष परवेझ मुशर्रफ ५ फेब्रुवारी २०२३ रोजी दुबईत वारले, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांनी हा शब्द पहिल्यांदाच वर्तमानपत्रात वाचला. त्यांच्या कोणत्या अवयवांत तो किती होता हे जाहीर झालेलं नाही. हा आजार हृदय, मूत्रपिंड, नसा, जीभ, कुठेही बसू शकतो. मनगटातसुद्धा, आणि तेही हृदयाच्या कितीतरी वर्षं आधी.

अमायलॉइड म्हणजे खळीसारखा, स्टार्चसारखा. १८५४ साली रुडॉल्फ फिर्को या जर्मन डॉक्टरने हे नाव दिलं. आयोडिन टाकलं की स्टार्चसारखा रंग बदलतो असं त्याला दिसलं. पाचेक वर्षांतच सिद्ध झालं की हा स्टार्च नाही, प्रथिन आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे १९२२ मध्ये असं आढळलं की काँगो रेड हा रंग या पदार्थाला घट्ट धरतो. काँगो रेड मुळात सुती कापड रंगवायचा रंग! इलकलची सुती साडी घरी खळ घालून वाळवणाऱ्या सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना सगळं एका क्षणात कळलं. खळ जास्त झालेली साडी दोरीवरून काढली की आपल्या पायावर उभी राहते, घडी घालू म्हटलं तर घातली जात नाही. “हंगारे एदि बिगि आगैती,” त्या म्हणाल्या. म्हणजे मग छाती बिगी झालीय.

आपल्यासारख्या दुभाषी घरांत हा ‘बिगी’ शब्द मोठा गमतीचा आहे. कन्नडमध्ये बिगी म्हणजे घट्ट, आवळलेलं. मराठीत बिगीबिगी म्हणजे झटपट. अप्पांच्या हृदयाचं नेमकं दोन्ही झालं होतं. ते कन्नड अर्थाने बिगी झाल्यामुळे त्याला मराठी अर्थाने बिगीबिगी धावावं लागत होतं.

ते कसं, हे साठ टक्क्यांच्या हिशेबातच दडलेलं आहे. निरोगी हृदयाच्या डाव्या कप्प्यात ठोका पडण्यापूर्वी समजा १२० मिलिलिटर रक्त मावतं. त्यातलं ७२ मिलिलिटर बाहेर पडलं तर ६० टक्के. आता भिंती जाड आणि ताठ झाल्या, कप्पा सैल सुटेनासा झाला आणि त्यात ७५ मिलिलिटरच मावू लागलं. त्यातलं ४५ बाहेर पडलं, तरी ६० टक्केच! रिपोर्टवरचा आकडा तसूभर हलला नाही. पण मिनिटाला ७० ठोके धरले तर पहिलं हृदय पाच लिटर रक्त पुरवतं, आणि दुसरं सव्वातीन लिटरसुद्धा नाही. ती तूट भरून काढायला ठोके वाढवणं एवढंच त्या हृदयाच्या हाती असतं. म्हणूनच ठोके कमी करणाऱ्या गोळ्या, ज्या इतर हृदयरोग्यांना उपकारक ठरतात, त्या या आजारात काहींना सोसत नाहीत. (हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. डॉक्टरांना विचारावं.)

तेव्हा एका ठोक्याला प्रत्यक्ष किती रक्त बाहेर पडतं, हे माप त्या गोंडस टक्केवारीपेक्षा जास्त खरं बोलतं. आणि त्याहून बोलकं एक माप आहे, त्याला स्ट्रेन म्हणतात.

स्ट्रेन अप्पांना माझ्याआधी समजला. त्याला कारण त्यांचं वर्कशॉप. रेल्वेच्या डब्याच्या अ‍ॅक्सलमध्ये आत कुठे बारीक भेग आहे का, हे वरून दिसत नाही. मग त्यावर अल्ट्रासोनिकचा प्रोब ठेवून आवाजाच्या लहरी आत सोडतात आणि परत येणारा प्रतिध्वनी बघतात. एकोच्या टेबलावर पडल्या पडल्या अप्पा म्हणाले, “हे तर आमचं अ‍ॅक्सल-टेस्टिंग!” ते अगदी बरोबर बोलले होते. एकोचा जन्मच तसा झाला. स्वीडनमधल्या लुंडचे डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ यांनी १९५३ साली पहिल्यांदा अशा लहरींनी हृदयाची हालचाल टिपली, आणि सुरुवातीचे प्रयोग त्यांनी जहाजाच्या कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायच्या यंत्रावर केले. तुकडा अ‍ॅक्सलचा असो की हृदयाचा, आत न शिरता आतलं बघायची युक्ती तीच.

आजचं यंत्र त्याच्या बरंच पुढे गेलं आहे. हृदयाच्या भिंतीवर जे ठिपके-ठिपके दिसतात त्यांचा ते माग काढतं आणि ठोका पडताना भिंत लांबीच्या दिशेने किती आखडली ते मोजतं. दहा सेंटिमीटरचा तुकडा आठ सेंटिमीटर झाला तर स्ट्रेन उणे २०. साधारण एवढाच निरोगी माणसाचा असतो. अप्पांचा आला उणे ११. इथे उणे चिन्हाने मी गोंधळले होते. उणे ११ हे उणे २० पेक्षा मोठं, म्हणजे चांगलं ना? नाही. इथे आकडा जेवढा शून्याकडे सरकेल तेवढं हृदय कमी आखडतंय.

आणि त्या मापाचं एक चित्रही निघतं, गोल, नेमबाजीच्या फळ्यासारखं. मध्यभाग म्हणजे हृदयाचं टोक, कडा म्हणजे हृदयाचा वरचा भाग. जिथे भिंत चांगली हलते तिथे गडद लाल, जिथे नाही तिथे फिकट. अप्पांच्या चित्रात कडेला सगळं फिकट आणि मध्ये तेवढं लालबुंद. थेट कपाळावरचं कुंकूच. हृदयाचं टोक या आजारात शेवटपर्यंत बऱ्यापैकी हलत राहतं, आणि या खुणेवरून ब्लडप्रेशरचं हृदय आणि अमायलॉइडचं हृदय वेगळं ओळखता येतं, असं अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं. हे पाहायला वेगळी सुई नाही, रेडिएशन नाही. यंत्रात ती सोय हवी, आणि करणाऱ्याच्या मनात शंका हवी.

चित्र पाहून शंका पक्की होते, आजाराची जात कळत नाही. आणि इथे जातीवर सगळं अवलंबून आहे. मुख्य जाती दोन. एकीत हाडांच्या मगजातल्या पेशी बिघडतात आणि ‘लाइट चेन’ नावाचं प्रथिन रक्तात ओततात. ही जात फार घाईची. हृदय अशक्त होऊ लागल्यावरही उपचार मिळाला नाही, तर उरलेला काळ वर्षांत नव्हे, महिन्यांत मोजावा लागतो. दुसरीत यकृतात तयार होणारं ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन विस्कटतं आणि हळूहळू हृदयात साचतं. ही जात बहुधा म्हाताऱ्या पुरुषांत, नुसत्या वयामुळे दिसते. काही घराण्यांत मात्र जनुकातून येते आणि मग प्रत्येक मुलाला ते जनुक मिळण्याची शक्यता निम्मी असते.

म्हणून आधी लाइट चेनसाठी रक्त आणि लघवीची तपासणी. ते रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मला आठवायचे नाहीत. ते चांगले आले. मग दुसऱ्या शहरात जाऊन एक न्यूक्लिअर स्कॅन झाला. मुळात हाडांसाठी वापरायचं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात, आणि ते बरगड्यांपेक्षा हृदयात जास्त साठलं तर ट्रान्सथायरेटिनचं निदान होतं. पूर्वी यासाठी हृदयाचा तुकडा काढावा लागे. २०१६ पासून, रक्तात-लघवीत लाइट चेनचा दोष नसेल तर, तुकड्याशिवाय हे निदान मान्य झालं. क्रम मात्र उलटा चालत नाही. लाइट चेनच्या आजारातही हा स्कॅन कधी कधी उजळतो आणि फसवतो. अप्पांच्या स्कॅनमध्ये हृदय बरगड्यांपेक्षा ठळक दिसत होतं, ग्रेड तीन. जनुकाची तपासणी निर्दोष आली. माझ्या यजमानांनी आणि नणंदेने सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच दोघांनाही त्याची लाज वाटली, हेही सांगायला हवं.

आणि मग तो प्रश्न आला. अप्पांनी विचारला नाही. आम्ही विचारला, त्यांना बाहेर बाकावर बसवून. “किती दिवस?”

डॉक्टरबाईंनी उत्तर टाळलं नाही, पण एका आकड्यात दिलंही नाही. मग मी घरी आल्यावर माझ्या सवयीने वाचत बसले. जे समजलं ते सांगते, कारण या आजारात मापं कशी वाचावीत याची गोम इथेच आहे.

लंडनच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये २५० जणांच्या हृदयाच्या एमआरआयचा अभ्यास प्रसिद्ध केला. गॅडोलिनियम नावाचं औषध देऊन चित्र काढलं की अमायलॉइड साचलेला भाग पांढरा दिसतो. ज्यांच्यात पांढरं काही नव्हतं त्यांच्यातले सुमारे ९२ टक्के दोन वर्षांनी हयात होते. फक्त आतल्या थरात पांढरं होतं त्यांच्यातले ८१ टक्के. भिंतीच्या आरपार पांढरं झालेलं होतं त्यांच्यातले ६१ टक्के. स्ट्रेनचंही तसंच. लाइट चेनच्या २०६ रुग्णांवर हायडेलबर्गमध्ये झालेल्या, २०१२ च्या अभ्यासात, लांबीच्या दिशेने आखडणं जितकं कमी तितका धोका जास्त दिसला, आणि रक्ताच्या तपासण्यांतून जे कळतं त्यात या मापाने भर घातली.

आता गंमत बघा. ज्या स्कॅनने अप्पांचं निदान केलं, त्याच्या ग्रेडवरून पुढचं फारसं कळत नाही. ग्रेड दोन आणि ग्रेड तीन यांच्या आयुर्मानात मोठा फरक आढळलेला नाही. आम्ही मात्र ‘तीन’ ऐकून रात्रभर जागलो होतो! भिंतीच्या जाडीचंही एकट्याने खरं नाही. ट्रान्सथायरेटिनच्या रुग्णांच्या भिंती लाइट चेनच्या रुग्णांपेक्षा सहसा जास्त जाड असतात, तरी ते जास्त जगतात. लाइट चेनचं प्रथिन साचतं, शिवाय स्नायूला विषासारखं बाधतंही. निदान करणारं माप वेगळं आणि भाकीत करणारं वेगळं, हे मला एवढं वाचल्यावर कळलं. रिपोर्टमध्ये दोन्ही एकाच अक्षरांत छापलेली असतात.

अप्पांच्या जातीसाठी लंडनच्याच केंद्राने २०१८ मध्ये ८६९ रुग्णांवरून तीन पायऱ्या ठरवल्या. त्या रक्तावरून, एनटी-प्रोबीएनपी आणि मूत्रपिंडाचं काम या दोन मापांवरून. पहिल्या पायरीवर मध्यक आयुर्मान ६९ महिने, दुसऱ्यावर ४७, तिसऱ्यावर २४. अप्पा दुसऱ्या पायरीवर.

सत्तेचाळीस महिने. नणंदेने लगेच बोटांवर मोजायला घेतलं. मी तिला थांबवलं. मध्यक म्हणजे त्या रांगेतला बरोबर मधला माणूस. निम्मे त्याच्या आधी गेले, निम्मे नंतर, आणि नंतरचे किती नंतर ते तो आकडा सांगत नाही. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाला १९८२ साली पोटाच्या अस्तराचा कर्करोग झाला, पुस्तकात मध्यक आठ महिने होता. ते वीस वर्षं जगले, २००२ मध्ये वारले, तेही वेगळ्या कर्करोगाने. हे मी वर्गात दरवर्षी सांगते. नणंदेला सांगताना मात्र जीभ अडखळली, कारण गूल्ड तेव्हा चाळिशीचे होते आणि अप्पा शहात्तरचे आहेत. शिवाय त्या ८६९ जणांतले बहुतेक नवीन औषध येण्यापूर्वीच्या काळातले.

ते औषध म्हणजे टाफामिडिस. विस्कटणाऱ्या ट्रान्सथायरेटिनला ते बांधून ठेवतं. २०१८ मध्ये ४४१ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. तीस महिन्यांत औषध घेणाऱ्यांतले २९.५ टक्के दगावले, न घेणाऱ्यांतले ४२.९ टक्के. अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला परवानगी मिळाली तेव्हा वर्षाची छापील किंमत सव्वादोन लाख डॉलर होती! त्यानंतर अशी आणखीही औषधं तिथे मंजूर झाली आहेत, आणि लाइट चेनच्या जातीत तर मगजावरच्या उपचारांनी काहींच्या हृदयातलं अमायलॉइड कमी झाल्याचं एमआरआयमध्ये दिसलं आहे. पण टाफामिडिस साचलेलं काढत नाही, पुढचं साचणं मंदावतं. म्हणून ते लवकर सुरू केलेलं बरं. ज्यांना थोड्या कामानेही धाप लागते अशांना चाचणीत फायदा कमी दिसला. अप्पांना आता आंघोळ करून कपडे चढवतानाही थांबावं लागतं. गोळीचा निर्णय डॉक्टर पुढच्या तपासणीनंतर घेणार आहेत.

पहिल्या एकोत १४ मि.मी. लिहिलेलं होतं. दोन्ही मनगटांवर व्रण होते. ब्लडप्रेशर खाली येत होतं. यातलं एकही आमच्यापासून लपलेलं नव्हतं, आणि माझ्या डोक्यात साठ टक्के बसले होते. दीड वर्षाने काय फरक पडला असता याचा हिशेब मी बऱ्याचदा मांडते, आणि तो दरवेळी वेगळा येतो.

शेजारपाजारचे आता आपापले एकोचे रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही, हे आधी सांगते. मग पान उलटून भिंतीची जाडी बघते, ईसीजी सोबत आहे का विचारते, आणि साठीच्या पुढचे पुरुष असतील तर त्यांचे हात बघते. बहुतेकांचं काहीच नसतं. एकाला मात्र मी डॉक्टरांकडे परत पाठवलं आहे.

अप्पांना आम्ही सगळं सांगितलं, उशिरा का होईना. सत्तेचाळीस तेवढं सांगितलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांनी विचारलं ते, स्ट्रेनचं चित्र पुन्हा बघायला मिळेल का. डॉक्टरबाईंनी एक प्रिंट दिली, ती त्यांनी चष्म्याच्या डब्यात घडी करून ठेवली आहे.

घरात आता एकच आकडा रोज चालतो. अंगात पाणी साठायला लागलं की ते आधी वजनात दिसतं, म्हणून रोज सकाळी, चहाच्या आधी, वजनकाट्यावर उभं राहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा, असं ठरलेलं आहे. काटा वाचतात अप्पा, कन्नडमध्ये मोठ्याने, आणि कालनिर्णयाच्या चौकटीत लिहितात सासूबाई, कारण अप्पांच्या बोटांना पेन धरवत नाही. मग दोघं बागेपर्यंत जातात, पहिल्या बाकापर्यंत. आजच्या चौकटीत ६३.२ लिहिलंय. कालही तेवढंच होतं.